शस्त्रक्रिया पाठीची, तक्रार पोटाची

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजारासारख्या वस्तीत, कोणाच्या कण्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची असली, तर शहरातच १९४६ साली स्थापन झालेले गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु शस्त्रक्रिया पार पडल्यावर घरच्यांस एक कोडे पडते : कापले पाठीवर, मग पोट का फुगले?

कारण असे की, भूल, वेदना व अंथरुणास खिळून राहणे यांनी आतडी मंदावतात. त्यात वेदनेवर दिलेले मॉर्फिन हे अफूपासून निघालेले. ते वेदना शमविते, तसेच आतड्यांनाही निजविते.

यास्तव भूलतज्ज्ञ काही रोग्यांत दुसरा मार्ग धरतात. २०१६ साली वर्णिलेल्या एका पद्धतीत, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत कण्यालगतच्या उभ्या स्नायूंखाली बधिर करणारे औषध सोडतात. काही तास तेथील वेदना मेंदूपर्यंत फारशी पोहोचत नाही. मॉर्फिन कमी लागते, रोग्यास लवकर उठता येते आणि पोट जागे होण्यास साहाय्य होते. ही सुई सर्वांनाच योग्य असते असे नव्हे. ते डॉक्टरांनी ठरवावे. आपण मात्र शस्त्रक्रियेपूर्वी निःसंकोच विचारावे.

वाचकहो, मायेपोटी रोग्यास चोरून घास भरवू नका. वारा सरला की नाही, हे सांगण्यास रोग्याने लाजू नये. पोट ताठले वा ओकाऱ्या होऊ लागल्या, तर तत्काळ परिचारिकेस कळवावे. अनुज्ञा मिळताच हात धरून चार पावले चालवावे. भरल्या ताटाहून हीच सेवा त्या वेळी मोठी होय.