नळीचा प्रकाश मंद करण्याची युक्ति

तारेच्या साध्या दिव्याचा प्रकाश मंद करणें अवघड नसतें. वीज कमी दिली कीं तार कमी तापते आणि प्रकाश उतरतो. ट्यूबलाइटवर मात्र हाच उपाय केला, तर ती लुकलुकते, विझते, किंवा टोकें काळीं पडून अकालीं निकामी होते. असें कां व्हावें?

ट्यूबलाइटमध्यें प्रकाशासाठीं तार तापवीत नाहींत. पाऱ्याच्या विरळ वाफेंतून वीज वाहते. या वाफेचा स्वभाव विलक्षण आहे. प्रवाह वाढला कीं तिचा विरोध घटतो, आणि विरोध घटला कीं प्रवाह आणखी वाढतो. त्यास आवर घालणारें साधन म्हणजे बॅलस्ट. जुन्या पट्टीवरील जड चोक हें त्याचेंच एक रूप होय.

इलेक्ट्रॉनिक बॅलस्टची रीत निराळी आहे. सेकंदास ५० आवर्तनांची वीज तो प्रथम एकदिश करतो, आणि मग ट्रान्झिस्टरांच्या जोडीनें तिचीं सेकंदास २० हजारांहून अधिक आवर्तनें घडवितो. त्यामुळें लुकलुक डोळ्यांस भासत नाहीं, चोकसारखी गुणगुण ऐकूं येत नाहीं, आणि ३६ वॉटची नळी सुमारें ३२ वॉटांतच तितका प्रकाश देते.

प्रकाश मंद करण्याची किल्लीही या आवर्तनांतच आहे. नळीच्या वाटेवर तारेचें एक वेटोळें असतें. आवर्तनें जितकीं जलद, तितका वेटोळ्याचा अडथळा अधिक. म्हणून आवर्तनें वाढविलीं कीं नळींतील प्रवाह घटतो.

परंतु रचनाकाराची खरी कसोटी यापुढेंच लागते. नळीच्या दोन्ही टोकांच्या तंतूंवर बेरियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडांचा लेप असतो. तो तापलेला असला, तरच त्यांतून इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतात. भर प्रकाशांत नळीचा प्रवाहच तंतूंस तापता ठेवतो. तो घटतांच तंतु निवतात, विद्युत्कणांच्या माऱ्यानें लेप झिजतो आणि टोकें काळवंडतात. यास्तव प्रकाश जसजसा उतरवावा, तसतशी तंतूंस वेगळी उष्णता अधिक पुरवावी लागते. एका सुबक योजनेंत नळीला समांतर जोडलेल्या कंडेन्सरचा प्रवाह तंतूंमधूनच नेतात. आवर्तनें वाढलीं कीं वेटोळें वाट अडवितें, पण कंडेन्सर ती मोकळी करतो. नळीस कमी वीज मिळते, तंतूंस अधिक. जोडीला प्रवाह सतत मोजून आवर्तनें सांवरणारी योजना लागते, नाहीं तर अगदीं मंद प्रकाशांत नळी विझते.

एलईडी दिव्यांमुळें नळ्या आतां मागें पडत आहेत. तथापि ज्या घरांत त्या अद्याप आहेत, तेथें बल्बचा किंवा पंख्याचा रेग्युलेटर साध्या ट्यूबलाइटला जोडूं नये. मंद प्रकाश हवा असेल, तर त्यासाठींच घडविलेला बॅलस्ट घ्यावा.