उरलेल्या जमिनीचा कस

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. पुढे चिंचवड, भोसरी व चाकण येथे कारखाने वाढत गेले. या पट्ट्यातील पुष्कळ शेतकरी कुटुंबांकडे आता थोडीच जमीन शिल्लक आहे. घरातील तरुण कारखान्यात जातात. गुरे कमी झाली आणि शेणखतही कमी झाले. कांदा व बटाटा ही पिके मात्र जमिनीतून दरसाल अन्नद्रव्ये उचलीतच असतात.

रासायनिक खत पिकास अन्न देते. जमिनीची घडण राखण्याचे काम सेंद्रिय द्रव्याचे होय. कुजणाऱ्या मुळांवर व काडीकचऱ्यावर सूक्ष्म जीव जगतात. त्यांच्या चिकट स्रावामुळे मातीचे कण एकत्र येतात, माती रवाळ होते आणि पावसाचे पाणी मुरते. वारंवार केलेल्या नांगरटीने ही घडण मोडते व सेंद्रिय द्रव्य लवकर नाहीसे होते.

रायगड जिल्ह्यात नेरळ येथे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा पद्धतीत गादीवाफे पुन्हा न नांगरता त्यांवर भात टोकतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात. तणासाठी तणनाशक वापरावे लागते. मावळ व पश्चिम खेडमधील भातशेतीस ही पद्धत विचारात घेण्याजोगी आहे. बटाटा काढताना मात्र माती उलथावीच लागते. म्हणून तेथे लागवडीपूर्वीच जमिनीला सेंद्रिय द्रव्य पुरविले पाहिजे.

त्यासाठी ताग हे सोयीचे पीक आहे. पावसाळ्याच्या आरंभी एकरी २० ते २५ किलो बी पेरावे. सहा ते सात आठवड्यांनी, फुले दिसू लागताच, पीक कोवळे असतानाच गाडावे. निबर ताग लवकर कुजत नाही. ऑगस्टमध्ये गाडलेला ताग रब्बी बटाट्याच्या लागवडीपर्यंत कुजून जातो.

तागापासून त्या हंगामात पैसा मिळत नाही, ही लहान शेतकऱ्याची अडचण खरी आहे. यास्तव शेताचे तीन भाग करून दरवर्षी एकाच भागात ताग घ्यावा व उरलेल्या दोहोंत सोयाबीन किंवा भुईमूग घ्यावा. तीन वर्षांत सर्व शेताची पाळी येते. पिकांचे अवशेष जाळू नयेत. त्यांचे कंपोस्ट करावे. शहरी कचऱ्याचे खत आणावयाचे झाल्यास शिसे, कॅडमियम अशा धातूंसाठी तपासलेलेच आणावे. हे धातू जमिनीत साठल्यावर सहज निघत नाहीत.

सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याहून कमी असल्यास जमीन कमी कसाची समजतात. दर तीन वर्षांनी माती तपासावी. हा आकडा सावकाश वाढतो, तेव्हा एका हंगामात निराश होऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक प्रयोग करून दाखवावा. बांधावरील गवताखालचे व शेतातील असे एकेक सुके ढेकूळ पाण्याच्या दोन पेल्यांत अलगद सोडावे. जे लवकर विरघळून गाळ होते, त्या मातीस सेंद्रिय द्रव्याची निकड अधिक आहे, असे समजावे.