पाटीवरचा आर्किटेक्ट

मराठीच्या प्राध्यापकाला घर बांधता येत नाही, हे आमच्या घरात पूर्वीपासून गृहीत धरलेले आहे. परंतु त्याला निदान पाटी तरी नीट वाचता यावी, अशी माझ्या वडिलांची अपेक्षा होती. ती फोल ठरली, त्याची ही हकीकत.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. पवन मावळातले आमचे जुने घर एका पावसाळ्यात कुशीवर वाकले, तेव्हा निवृत्तीचे पैसे बँकेतून काढून त्याच जोत्यावर नवे घर बांधायचे त्यांनी ठरवले. मी नोकरीमुळे लोणावळ्याला असतो. "चांगला माणूस तेवढा तू बघ," एवढेच काम त्यांनी माझ्यावर सोपवले.

माणूस शोधायला मला मुळीच कष्ट पडले नाहीत. त्याची पाटी रस्त्यावरून धावत्या एसटीतूनही दिसत असे. 'आर्किटेक्ट' ही अक्षरे चांगली हातभर उंच, खाली रंगवलेला बंगला, बंगल्यापुढे मोटार. गृहस्थ बोलायला गोड. फीची निम्मी रक्कम त्याने पहिल्याच भेटीत घेतली आणि आठ दिवसांत नकाशा हाती दिला. सपाट स्लॅब, पश्चिमेला काचेची भलीमोठी खिडकी आणि छज्जा नावापुरता. आम्ही सगळे खूश!

गावच्या गवंडीमामांनी मात्र तो कागद उलटसुलट करून पाहिला. "मास्तर, घर झ्याक हाय. पर आपल्याकडं पाऊस आडवा येतोय."

"साहेबांनी काढलंय मामा," वडील म्हणाले. "त्यांचं शिक्षणच असतं त्यातलं." मामा गप्प बसले. परवानगी येणारच आहे असे साहेबांनी सांगितल्यामुळे पाया खोदायलाही सुरुवात झाली.

महिन्याभराने फाईल कचेरीतून परत आली. तेव्हा कुठे मी नकाशाच्या कोपऱ्यातला शिक्का वाचला. त्यावरचे नाव आमच्या गृहस्थाचे नव्हतेच! ते पुण्यातल्या कुणा वेगळ्याच आर्किटेक्टचे होते. नोंदणी क्रमांक खरा, सही खरी. पण या कामावर आपण देखरेख करू असे त्या सहीवाल्याचे पत्र फाईलला नव्हते. मी त्यांना फोन लावला. "कोणतं गाव म्हणालात?" त्यांनी विचारले. गाव त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. "अहो, तो मुलगा पूर्वी माझ्याकडे कामाला होता. अधूनमधून सही घेऊन जातो."

सही घेऊन जातो! शेजारीण वाटीभर विरजण घेऊन जाते, त्या सुरात हे सांगितले गेले. दिलेले पैसे परत आले नाहीत. वडिलांनी आदळआपट केली नाही. चष्मा पुसत ते एवढेच म्हणाले, "तू एम.ए. ना रे?"

त्या रात्रीपासून मी हा कायदा वाचायला घेतला. आमच्या व्यवसायातल्या माणसाला अपमान झाला की ग्रंथालय आठवते.

आर्किटेक्ट मंडळींची संघटना आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत वास्तुकला शिकलेल्या विद्यार्थ्यांनी 1917 साली आपली एक मंडळी काढली. तिचेच पुढे 1929 साली 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' झाले. तथापि कायद्याचे संरक्षण यायला 1972 साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या आर्किटेक्ट्स कायद्याने दिल्लीला 'काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर' स्थापन झाली. मान्य पदवी घेऊन तिच्या नोंदवहीत ज्याचे नाव चढले, तोच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकतो. आरंभी एक दार माणुसकीने उघडे ठेवले होते. पदवी नसली तरी निदान पाच वर्षे हाच व्यवसाय केलेल्या माणसाला पहिल्या नोंदवहीत जागा मिळे. नंतर ते दार मिटले. आमच्या गवंडीमामांना त्याची वार्ताही नव्हती.

नोंदणी नसता ही पदवी मिरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यास दंड किती? 1972 साली कायद्यात आकडा लिहिला तो पाचशे रुपयांपर्यंत. त्या काळी तो जड असेल. आज लोणावळ्याला रविवारी चौघांची न्याहारीही तेवढ्यात होत नाही. शिवाय ही तक्रार आपण सरळ न्यायालयात नेऊ शकत नाही. काउन्सिलच्या आदेशाने किंवा तिने नेमलेल्या माणसाने ती करावी लागते.

पण मला खरा धक्का बसला तो पुढे. 17 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केले की, हा कायदा 'आर्किटेक्ट' या नावाला कुंपण घालतो, कामाला नव्हे. नोंदणी नसलेल्याने घराचा आराखडा काढला म्हणून या कायद्याने तो गुन्हेगार ठरत नाही. त्याने ते नाव लावले की ठरतो. कचेरीत नकाशा कोणाच्या सहीने दाखल व्हावा हे स्थानिक बांधकाम नियम ठरवतात, आणि तिथे परवानाधारक इंजिनिअरलाही वाव असतो. या नियमांचीही गंमत पाहा. 2020 अखेर राज्यातल्या बहुतेक भागाला एकच नियमावली लागू झाली, तेव्हा तिच्यातून जी ठिकाणे नाव घेऊन वगळली, त्यांत आमची लोणावळा नगरपरिषद होती. म्हणजे मी राहतो तिथले पुस्तक वेगळे आणि वडिलांच्या गावचे वेगळे!

आता पाटीविषयी. आर्किटेक्टांच्या वर्तनासाठी 1989 साली जी नियमावली झाली, तिने त्यांना जाहिरात करण्याची मनाई केली. आपल्या कचेरीबाहेर नाव लावावे, पण अक्षरे दहा सेंटिमीटरहून उंच नकोत, असे तिच्यात होते. दहा सेंटिमीटर! मी फूटपट्टी घेऊन टेबलावर तेवढे अंतर मोजले. खऱ्याने वीतभरही अक्षर काढायचे नाही आणि तोतयाने हातभर काढायचे. मग आमच्यासारख्याच्या नजरेत कोण भरणार?

मराठीने तर या घोटाळ्यात भरच घातली आहे. आर्किटेक्टला आपण वास्तुविशारद म्हणतो, वास्तुशिल्पी म्हणतो, वास्तुरचनाकार म्हणतो. आणि आग्नेयेचे स्वयंपाकघर ईशान्येला नेले म्हणून घरात भांडणे होतात असे सांगून फी घेणारा तो वास्तुतज्ज्ञ! त्याला नोंदवही नाही, क्रमांक नाही, अक्षरांच्या उंचीचे बंधन तर नाहीच नाही.

दरवर्षी मी विद्यार्थ्यांना कार्ल्याच्या लेण्यात नेतो. तिथे चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. सगळे लेणे पुरे केल्याचे सांगणारा वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल त्यांत आहे, गंधाचा व्यापार करणारा सिंहदत्त आहे. आणि त्यांच्याच पंक्तीला धेनुकाकटचा एक सुतार आहे: वेणुवासाचा मुलगा सामी. दार आपण केले, असे तो सांगतो. लेखात त्याच्या धंद्याला 'वढकी' म्हटले आहे. विदर्भात सुताराला वाढई म्हणतात, तो याच शब्दाचा वंशज. इतकी वर्षे हा लेख मी मुलांना भाषेसाठी दाखवत आलो. यंदा तिथे उभा राहिलो तेव्हा भाषेतले काही सुचेना. त्या माणसाचे दार तिथे आहे आणि दाराशी त्याचे नाव आहे, एवढेच दिसत राहिले.

पुढे घर झालेच. या खेपेला मी आधी क्रमांक मागितला. 'सीए', मग वर्ष, मग आकडा, अशी त्याची ठेवण असते, आणि तो काउन्सिलच्या नोंदवहीशी ताडून पाहता येतो. ज्या बाई आल्या त्या ऐन जुलैत आल्या, छत्री मिटून पडक्या जोत्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न वडिलांना नव्हे, गवंडीमामांना विचारला, "मामा, झड कुठून येते?" मामांनी हाताने पवनेकडची बाजू दाखवली. त्या भिंतीला खिडकी आली नाही. पडवी आली, तिच्यावर उतरते छप्पर आले आणि पागोळ्या जोत्यापासून दोन हात लांब पडू लागल्या.

नकाशा दाखल करायच्या दिवशी वडिलांनी तो जमिनीवर पसरला. खोल्या पाहिल्याच नाहीत. कोपऱ्यातला शिक्का भिंगाखाली धरून क्रमांक मोठ्याने वाचला, हजेरीपटावर लिहीत त्या वळणदार अक्षरात डायरीत उतरवला आणि खाली सही झाली ती बाईंनी त्यांच्यासमोर बसून.