सॅकमध्ये काय आहे, आणि ती कुणाच्या पाठीवर?

फ्रान्समधल्या शामोनीहून निघायचं आणि स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला पोचायचं. आल्प्समधली ही ‘ओत रूत’ नावाची वाट 1911 मध्ये पहिल्यांदा स्कीवरून पार झाली. आजही साधारण सहा-सात दिवस लागतात. मुक्काम डोंगरातल्या हटमध्ये आणि दिवसभर एकामागून एक हिमनद्या. त्यांच्या पोटात क्रिव्हास, म्हणजे बर्फातल्या खोल भेगा. कित्येकदा वरच्या हिमाच्या पुलाखाली दडलेल्या. अशा वाटेसाठी सॅक कशी भरतात?

नाव सीलचं, केस शेळीचे
स्कीवरून चढायचं तर तळाला लांब पट्टी चिकटवतात. फ्रेंच लोक तिला अजून ‘सीलची कातडी’ म्हणतात, कारण पूर्वी ती खरोखर सीलची असे. आता ती नायलॉनची किंवा अंगोरा शेळीच्या मोहेरची असते. केस मागच्या बाजूला झुकलेले, म्हणून स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. गोंद गारठला की चिकटत नाही. म्हणून उतरताना पट्ट्या जॅकेटच्या आत, छातीशी ठेवतात.

पाचपट पाया
ढोबळ हिशेब केला तर स्कीची जोडी बुटांच्या जोडीपेक्षा सुमारे पाचपट जागेवर वजन पसरवते. जो हिमपूल चालणाऱ्याखाली ढासळेल, तो स्कीवाल्याला पेलू शकतो. भेगांच्या पट्ट्यात ‘जरा थांबू’ म्हणून स्की काढणं महागात पडतं, ते यामुळेच.

हार्नेस अंगावरच
हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे, दोर अडकवायचे पट्टे. सॅकच्या तळाशी ठेवला तर तो भेगेत काही कामाचा नाही. तो हिमनदीवर पाऊल ठेवण्याआधीच चढवतात. त्याला एक पट्टा अडकवून खांद्याशी आणून ठेवतात; पडलेला माणूस भेगेत अडकला, तर वरून उतरणाऱ्याला त्यात हुक घालता येतो. बर्फात फिरवून बसवायचा आईस स्क्रूही हार्नेसलाच लटकतो, म्हणजे लोंबकळतानाही हाताशी येतो.

1931 ची गाठ
ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केलेली गाठ सह्याद्रीत दोर लावणाऱ्यांच्याही ओळखीची. भार आला की आवळते, भार गेला की सरकते. एक फास कमरेला, एक पायाला, आणि माणूस दोरावरून स्वतःच वर येतो. मात्र आताचे स्कीसाठीचे दोर अवघे 6 मिलिमीटरचे असतात. त्यांच्यावर प्रत्येक फास धरतोच असं नाही. दोर आणि फासाची जोडी घरीच ताणून बघायची.

स्की हिमात गाडा
पडलेल्याला वर काढायचं तर दोर कशाला बांधायचा? आजूबाजूला ना झाड, ना कातळ. मग हिमात आडवा चर खणून स्कीच पुरतात आणि मध्यावर पट्टा बांधतात. स्कीची पोलादी कड पट्टा कापू शकते, म्हणून मध्ये कापड घालायचं.

तीन मीटर ओढा, एक मीटर वर
पडलेला माणूस स्वतः वर येऊ शकत नसेल, तर वरचे त्याला ओढतात. दोर इंग्रजी ‘झेड’सारखा फिरवला की कागदावर तिप्पट बळ मिळतं. प्रत्यक्षात दोर कॅराबिनरवर, म्हणजे धातूच्या कडीवर, घासतो आणि बरंच बळ वाया जातं. एक छोटी कप्पी सोबत नेतात ती त्यासाठी.

सुती कपडा घरी ठेवा
भिजलेलं सूत लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर ओल शोषूनही उबदार राहते. पिसांचं जॅकेट सॅकमध्ये सगळ्यांत वर हवं. उन्हात घामाघूम झालेला माणूस क्षणात बर्फाच्या भिंतींमध्ये लटकू शकतो, तेव्हा ते काढायला एकच हात मोकळा असेल.

नाकपुड्यांनाही क्रीम
ताजं हिम सुमारे 80 टक्के अतिनील किरण परत फेकतं, आणि दर 1000 मीटर चढाईला हे किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. ऊन खालूनही लागतं: हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आत. 1786 मध्ये माँ ब्लाँवर पहिल्यांदा चढलेले डॉक्टर पाकार खाली आले तेव्हा त्यांना बर्फाने आंधळेपण आलं होतं. आज चौथ्या श्रेणीचा चष्मा मिळतो. तो इतका गडद की घालून गाडी चालवायची नाही.

चपला नकोत, रेशीम हवं
स्वित्झर्लंडच्या हटमध्ये घालायला चपला मिळतात, ब्लँकेटही मिळतं. आपलं न्यायचं ते फक्त आत शिरून झोपायचं पातळ अस्तर. रेशमी असेल तर मुठीत मावतं.

आणि दोर?
तो एकाच सॅकमध्ये असेल आणि नेमका तोच माणूस पडला, तर वर उरलेल्यांच्या हाती काहीच नाही. म्हणून दोन दोर, दोन वेगळ्या पाठींवर; एक शेवटच्या माणसाकडे. आदल्या रात्री हटमध्ये सगळे सॅकचं वजन विचारतात. त्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावं: मला बाहेर काढायला लागणारं सामान माझ्याच पाठीवर तर नाही ना?