अहवाल बरोबर, पण केव्हा?

रक्ततपासणीचा अहवाल बरोबर आहे ना, असे आपण विचारतो. तो किती वेळाने आला, हे सहसा कोणी विचारत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्टीत मात्र दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. कारण इथला जुना आजार, हिवताप.

हिवतापाच्या परजीवींपैकी प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम सर्वांत घातक. तो तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो आणि सुमारे ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. तोवर एकाचे दहा-वीस झालेले असतात. काही मरतात असे मानून दर दोन दिवसांना दहापट वाढ धरली, तरी आठ दिवसांत एकाचे दहा हजार होतात. शरीराची प्रतिकारशक्ती हा वेग कमी करते, पण लहान मुलात तीच तोकडी असते. शिवाय आजार सुरू झाल्यावर साधारण दहा दिवसांनी रक्तात परजीवीची लैंगिक अवस्था दिसू लागते. डासाच्या शरीरात पुढे वाढते ती हीच. म्हणजे तोवर उपचार झाला नसेल, तर शेजारच्या घरांत आजार पोचण्याची सोय झालेली असते.

आता तपासणीला लागणारा वेळ पाहू. काचपट्टीवरचा वाळलेला रक्तलेप रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली किमान शंभर क्षेत्रे पाहायची. अर्धा तास पुरे. मग दिवस जात कुठे? हा भाग भंडारा जिल्ह्यात होता तेव्हाची (गोंदिया १९९९ साली वेगळा झाला) पद्धत अशी: आरोग्य सेवक पंधरवड्याने घरोघर फिरे, ताप असलेल्याचे बोट टोचून काचपट्टी घेई आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या देई. याला गृहीतोपचार म्हणत. काचपट्ट्या साठल्या की प्राथमिक आरोग्य केंद्रात जात, तिथे ढिगात थांबत, आणि निकाल त्याच वाटेने गावी परते. पावसाळ्यात नाले भरतात, आणि हिवतापाचा हंगामही तोच. क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम असला, तर मधल्या काळात रुग्णाला खरे औषध मिळालेलेच नसे.

तंत्रज्ञाला घाई करायला सांगणे हा यावरचा उपाय नव्हे, असे आम्हाला वाटते. त्याने शंभराऐवजी चाळीसच क्षेत्रे पाहिली, तर ज्याच्या रक्तात परजीवी थोडे आहेत असा रुग्ण निसटेल. कमी करायचा तो थांबण्याचा काळ.

थांबण्याने नमुनाही बिघडतो. जाड लेपातले हिमोग्लोबिन रंगवताना धुऊन जावे लागते. विदर्भाच्या उन्हात पट्टी बरेच दिवस पडून राहिली, तर लेप काचेवर पक्का बसतो आणि परजीवी नीट दिसत नाहीत. जिल्ह्याच्या रुग्णालयातही हाच नियम. साध्या नळीतल्या रक्तपेशी साखर वापरतच राहतात, तासाला पाच ते सात टक्के! म्हणून साखरेसाठीच्या नळीत सोडियम फ्लोराइड घालतात. तेही पूर्ण परिणाम दाखवायला तास-दोन तास घेते.

सूक्ष्मदर्शकाचा निकाल २४ तासांत मिळणार नसेल तर जलद चाचणी करावी, असे राष्ट्रीय कार्यक्रमाचे धोरण आहे. रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला की पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते, आणि हे काम गावातली आशा कार्यकर्ती करू शकते. एक अडचण राहतेच. ही चाचणी फाल्सिपेरमचे एक प्रथिन ओळखते, आणि ते रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. औषध लागू पडले का, हे पाहायला पुन्हा काचपट्टीच लागते.

नोंदवहीतली सरासरी वाचतानाही जपावे. समजा, दहांपैकी नऊ अहवाल एका दिवसात आले आणि एक अकरा दिवसांनी. सरासरी निघते दोन दिवस. कागदावर ही प्रयोगशाळा ठीक दिसते. वर्गात हे उदाहरण घालताना सरासरीबरोबर सर्वांत उशिराचा अहवालही विचारावा, आणि तो रुग्ण कोणत्या गावचा असेल, याचा अंदाज मुलांना नकाशावर करू द्यावा.