बंद घरांची राखण

मालवण, आचरा, देवबाग या पट्ट्यात कुलूपबंद घराचं कोणाला नवल वाटत नाही. मालक मुंबईत, पूर्वी परळ-लालबागला आणि आता डोंबिवली-विरारला. घर उघडायचं चवथीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. एरवी चावी शेजारच्या काकींकडे आणि बाकी सगळा भार गावच्या राखणदारावर. त्याचीही वर्गणी होतीच म्हणा, वर्षाचा नारळ, कुठे कोंबडा.

कॅमेरे आधी आले ते बाजारात. सोनाराचं दुकान, पतपेढी, मग पर्यटन वाढलं तशी तारकर्लीकडची लॉज आणि होमस्टे. चार कॅमेरे, जाडजूड केबल, गल्ल्याखाली डीव्हीआरचा डबा आणि त्यात एक टीबीची हार्ड डिस्क. महिन्याचं भाडं नावाची भानगडच नव्हती, डबा आपला आणि चित्रही आपलं. पण दुकानात माणूस बसलेला असतो. बंद घरात डबा ठेवून तो बघणार कोण? म्हणून चाकरमान्यांच्या घरांना कॅमेरा तसा उशिराच लागला. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं, मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि डोंबिवलीत बसून गावचं खळं फोनवर दिसायला लागलं. पुढच्या चार-पाच वर्षांत शाओमी, टीपी-लिंक, सीपी प्लस यांचे मेमरी कार्ड घालायचे वायफाय कॅमेरे तालुक्याच्या दुकानांत सहज मिळू लागले.

अमेरिकेत गाडी वेगळ्या रुळावर गेली. तिथे रिंग, नेस्टसारख्या कंपन्यांनी चित्रण स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलं आणि जुनं चित्र पाहायचं तर महिन्याला पैसे मागितले. आपल्याकडे कार्डाची खाच टिकली, ती ग्राहकाच्या काटकसरीमुळे असं मला वाटतं. पण मालवणच्या किनाऱ्यावर काटकसरीपेक्षा मोठं कारण आहे, आणि ते म्हणजे पावसाळा.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं. माड-आंबे तारांवर पडले, विजेचे खांब आडवे झाले, अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती. इन्व्हर्टर तरी किती तास पुरणार? तेव्हा कार्डवाला कॅमेरा काय नि क्लाउडवाला काय, दोघेही सारखेच आंधळे झाले. फरक कळतो तो दरवर्षीच्या साध्या पावसात. वीज येते, पण फांदी पडून तुटलेली इंटरनेटची केबल जोडायला माणूस येत नाही. असे दिवस क्लाउडच्या हिशेबी कोरे जातात. कार्डावर मात्र चित्रण चालूच असतं.

खारा वारा, वीज आणि कोळी यांचा विचार कॅमेऱ्याच्या खोक्यावर कुठेच नसतो. समुद्राकाठी केबलचे सांधे गंजतात, म्हणून ते उघड्यावर न ठेवता बंद डबीत घ्यावे लागतात. वळिवाच्या कडकडाटात अ‍ॅडॅप्टर आणि राउटर जळतात. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो, आणि जाळं हललं की मुंबईत फोन वाजतो.

आता कार्डाचा हिशेब. 1080पी चित्र सलग घेतलं आणि वेग दोन एमबीपीएस धरला, तर एक कॅमेरा दिवसाला सुमारे 21 जीबी खातो. 128 जीबीचं कार्ड पाच-सहा दिवसांत भरतं आणि जुन्यावर नवं लिहायला लागतं. म्हणजे श्रावणात चोरी झाली आणि चवथीला कुलूप उघडलं, तर कार्डात चोर सापडणार नाही. बंद घरासाठी हालचाल झाली तरच चित्रण होईल अशी सोय लावावी आणि आठवड्यातून एकदा तरी डोकावावं. कार्डही सतत लिहिणं सोसणारं, ‘हाय एन्ड्युरन्स’ म्हणून मिळतं ते घ्यावं. फोनमधलं जुनं कार्ड टिकत नाही. दुसरी गोम अशी, की चोर कॅमेराच उपटून नेतो आणि कार्डही त्याच्याबरोबर जातं. माझं मत सांगायचं तर राहत्या घराला कार्ड पुरे. वर्षाचे दहा महिने बंद असलेल्या घराला रेकॉर्डर हवा, तोही माळ्यावर, अडगळीत.

चित्र कोर्टात टिकेल का, याचं उत्तर योगायोगाने महाराष्ट्रातल्याच खटल्यातून आलं. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज वेळेत भरला का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 ला सांगितलं, की नक्कल दिली तर पुरावा कायद्याच्या कलम 65ब चं प्रमाणपत्र लागेल. मात्र चित्रण जिथे मुळात साठलं ते उपकरणच मालकाने साक्षीला उभं राहून हजर केलं तर लागणार नाही. 1 जुलै 2024 पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात प्रमाणपत्राची तरतूद कलम 63 मध्ये आहे. मूळ चित्रण स्वतःच्या घरात असण्याला असाही अर्थ आहे.

मात्र खोक्यावर ‘लोकल स्टोरेज’ छापलं म्हणून चित्र घरातच राहतं असं नाही. युफी ही कंपनी याच जोरावर कॅमेरे विकायची. तिच्या कॅमेऱ्यांतली लघुचित्रं क्लाउडवर जात होती, हे नोव्हेंबर 2022 मध्ये उघड झालं. भारतात एप्रिल 2025 पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा निकषांची चाचणी सक्तीची झाली आहे, तेव्हा नवा कॅमेरा घेताना एसटीक्यूसी प्रमाणपत्राची विचारणा करा. त्याहून सोपी परीक्षा दुकानातच करता येते. राउटर बंद करायला सांगा, पाच मिनिटं थांबा, मग कार्ड काढून संगणकात घाला. ती पाच मिनिटं दिसली नाहीत, तर तो कॅमेरा घेऊ नका.