दलित मतदाराची उजवी वाट

भिंगार हे छावणीचे गाव. नगरचा भुईकोट किल्ला जवळच, भोवती लष्कराची मैदाने आणि मध्ये दाटीवाटीने वसलेली जुनी वस्ती. अशा गावातून चौदा एप्रिलच्या सुमारास फेरफटका मारला, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करणारे फलक किती पक्षांचे आहेत, हे मोजण्यातच अर्धा दिवस जावा. निळ्या झेंड्याशेजारी भगवा, भगव्याशेजारी तिरंगी आणि त्या प्रत्येकाखाली वस्तीतल्याच तरुणांची छायाचित्रे. हे दृश्य पाहून कोणी हळहळतो, तर कोणी ‘सगळे विकले गेले’ असा शेरा मारून मोकळा होतो. वस्तुतः हळहळ आणि शेरा ह्या दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे : दलित मतदार म्हणजे एक अखंड शिळा आणि ती दुभंगली तर दोष कोणाच्या तरी फितुरीचा. हे गृहीत इतिहासाला धरून नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय मतदारांविषयी असाच एक समज रूढ आहे. लिंकन ह्यांच्या ऋणानुबंधामुळे तेथील निग्रो समाज कित्येक दशके रिपब्लिकन पक्षामागे उभा होता. रूझवेल्ट ह्यांच्या आर्थिक धोरणामुळे १९३६ च्या सुमारास तो डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळला आणि १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाल्यावर तर हे वळण कायमचे ठरले. तेव्हापासून दहांतली सुमारे नऊ मते त्या पक्षाला जात आली. २०२४ साली ट्रम्प ह्यांचा वाटा वाढला, तरी मोठे बहुमत जेथल्या तेथेच राहिले. परंतु मतपेटी बाजूला ठेवून विचार पाहू गेल्यास वेगळे चित्र दिसते. चर्चमध्ये नियमाने जाणारे, कुटुंबव्यवस्थेविषयी परंपरानिष्ठ असणारे, स्वतःस पुराणमतवादी म्हणवून घेणारे कृष्णवर्णीय तेथे पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुसंख्य तरीही डेमोक्रॅटिक पक्षासच मत देतात. उजवीकडे गेलेले तरी एका माळेचे मणी आहेत काय? १९६६ साली मॅसॅच्युसेट्समधून सेनेटवर निवडून आलेले रिपब्लिकन एडवर्ड ब्रुक उदारमतवादी होते. थॉमस सोवेल हे अर्थशास्त्रज्ञ तारुण्यात मार्क्सवादी होते, पुढे ते मुक्त बाजारपेठेचे कैवारी झाले. कॉलिन पॉवेल रिपब्लिकन सरकारात परराष्ट्रमंत्री होते, पण २००८ साली त्यांनी ओबामांना पाठिंबा दिला. तिघांना एकच बिल्ला लावणे हे आळसाचे लक्षण होय.

महाराष्ट्रात ही विविधता अधिक जुनी आहे. पुणे कराराच्या वेळी, १९३२ साली, अस्पृश्यांचे सर्व पुढारी बाबासाहेबांच्या बाजूस नव्हते. थोर क्रिकेटपटू पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. त्यांनी संयुक्त मतदारसंघांची बाजू घेतली आणि पुढे १९३७ साली ते काँग्रेसतर्फे खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून बाबासाहेबांचा पराभव करणारे नारायण काजरोळकर हेही दलितच होते. ह्या सर्वांना आज खलनायक ठरविण्याची रीत पडली आहे. तथापि बाळूंसारख्या माणसाला हिंदू समाजाच्या आत राहून, कर्तबगारीच्या बळावर मान्यता मिळविता येईल असे प्रामाणिकपणे वाटत होते, हे नाकारता येणार नाही. मैदानावर त्यांनी ती काही अंशी मिळवलीही होती. (चहा मात्र त्यांना प्रारंभी मैदानाबाहेर, वेगळ्या पेल्यात मिळे, हेही विसरून चालणार नाही.)

त्यानंतरचा इतिहास सर्वपरिचित आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरास रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांत फुटला. दादासाहेब गायकवाडांनी १९६७ साली काँग्रेसशी समझोता केला. १९७२ साली दलित पँथर उदयास आली, तीही १९७४ साली दुभंगली. १९९८ साली मात्र काँग्रेसशी युती करून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघेही लोकसभेत गेले, आणि तेही सर्वसाधारण मतदारसंघांतून. एकजुटीचे मोल काय असते ते तेव्हा दिसले. ती टिकली नाही.

खरा धक्का २०११ साली बसला. आठवले शिवसेना-भाजप युतीबरोबर गेले. ह्याच शिवसेनेने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरास विरोध केला होता आणि १९८८ च्या सुमारास ‘रिडल्स’च्या प्रकाशनावरून रस्त्यावर उतरण्याची भाषा केली होती. पँथरचे संस्थापक नामदेव ढसाळ ह्यांनी तर त्याआधीच सेनेशी जवळीक साधली होती. पुढाऱ्यांच्या ह्या कोलांट्यांत सत्तेचा मोह नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. परंतु पुढाऱ्याचा हेतू आणि मतदाराचा हेतू ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि चर्चा घसरते ती नेमकी येथेच.

उजव्या पक्षास मत देणारा दलित मतदार कोण आहे? तो एक नाही. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. त्यांपैकी पूर्वाश्रमीच्या महार समाजाने मोठ्या संख्येने बौद्ध धर्म स्वीकारला. मातंग आणि चर्मकार समाजांतील बहुसंख्य हिंदूच राहिले. त्यांच्या घरी देव्हारा आहे, वारी आहे, जत्रा आहे. हिंदुत्वाच्या हाकेला त्यांतील काहींनी प्रतिसाद दिला, तर त्यात बाबासाहेबांशी द्रोह कोठे आला? दुसरा वर्ग शिकलेल्या, शहरी, व्यवसायात उतरलेल्या तरुणांचा. २००५ साली मिलिंद कांबळे ह्यांनी पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर स्थापन केले. नोकरी मागणारे नव्हे तर देणारे व्हा, हा त्याचा संदेश. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन आणि मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे करावेत असे मांडले होते. त्यांच्याच नावाने भांडवलशाहीचा पुरस्कार होतो, ह्याची अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास गंमत वाटल्यावाचून राहत नाही. पण ज्याच्या आज्याला बाजारात दुकान थाटण्याचीच बंदी होती, त्याला बाजारपेठ मुक्तीदायी वाटली, तर ते समजण्यासारखे आहे.

तिसरा वर्ग ग्रामीण आहे आणि त्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. नगर जिल्हा हा सहकाराचा जिल्हा. प्रवरानगरचा साखर कारखाना हा ह्या चळवळीचा आरंभ मानला जातो. कारखाना, बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था ह्या सर्वांच्या चाव्या बागायतदारांच्या मोजक्या घराण्यांकडे राहिल्या. सभासद व्हावयाचे तर ऊस हवा, ऊस लावावयाचा तर जमीन हवी. आणि दलिताकडे नेमकी जमीनच नव्हती. ही घराणी दीर्घकाळ काँग्रेसची होती. तेव्हा गावच्या पाटलाविरुद्ध मत द्यावयाचे म्हणजे काँग्रेसविरुद्ध मत द्यावयाचे, असे सरळ समीकरण अनेक वस्त्यांत होते. सेनेचा वा भाजपचा स्थानिक कार्यकर्ता हा बहुधा बिगरमराठा, लहान जातीतला, मोटारसायकलवर फिरणारा. पोलिस ठाण्यात बरोबर येणारा. त्याला मिळालेले मत हे विचारसरणीला मिळालेले मत नव्हते. आता विखे पाटलांसारखी घराणीच भाजपमध्ये गेल्याने हे समीकरण उलटेपालटे झाले आहे. सोनई, खर्डा, जवखेडे ह्या २०१३ आणि २०१४ मधील हत्याकांडांनी ज्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले, तेथील दलित वस्तीला संरक्षण कोण देतो हा प्रश्न कोणत्याही झेंड्यापेक्षा मोठा आहे.

ह्या मतभिन्नतेची किंमत काय, हे शिर्डी मतदारसंघाने दाखवून दिले. २००९ साली तो प्रथमच राखीव झाला. आठवले दोन्ही काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभे राहिले आणि सेनेच्या भाऊसाहेब वाकचौरे ह्यांच्याकडून लाखाहून अधिक मतांनी हरले. राखीव जागेवर उमेदवार दलित असतो, पण निकाल ठरवितात ती सर्वांची मते. येथे पुणे कराराचाच जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. करारामुळे प्रांतिक विधिमंडळांतील अस्पृश्यांच्या जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण प्रतिनिधी कोणाला उत्तरदायी राहील, हा प्रश्न सुटला नाही. विखुरलेल्या मतदाराला राखीव जागेवरचा खासदार कधी आपला वाटतो, कधी वाटत नाही.

तरीही विखुरलेला मतदार एकवटू शकतो. २०१९ साली राज्यातील पाच राखीव लोकसभा जागांपैकी चार युतीकडे गेल्या होत्या. सोलापुरात सुशीलकुमार शिंदे आणि प्रकाश आंबेडकर हे दोन्ही मातब्बर नेते पडले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यघटना बदलली जाईल ही भीती वस्त्यावस्त्यांतून पसरली आणि त्या पाचही जागा विरोधी आघाडीने जिंकल्या. शिर्डीतून पुन्हा वाकचौरेच आले, ह्या वेळी ठाकरे गटातर्फे. सहाच महिन्यांनी विधानसभेस महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी २३० जागा मिळविल्या. नगर जिल्ह्यातल्या १२ पैकी १० जागा तिच्याकडे गेल्या. उरलेल्या दोहोंपैकी एक श्रीरामपूरची राखीव जागा. मतपत्रिका गुप्त असते, तेव्हा कोणत्या वस्तीने काय केले हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंतु घटनेवर घाला येतो असे वाटले तेव्हा जो मतदार एकवटला, तोच अन्य वेळी आपापल्या हिशेबाने वागला, एवढे अनुमान गैर ठरू नये.

आता आणखी एक फाट्याची जागा आली आहे. अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण राज्यांना करता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १ ऑगस्ट २०२४ रोजी सहा विरुद्ध एक मताने दिला. राखीव जागांचा लाभ गटातील पुढारलेल्यांना अधिक मिळतो, हा सोवेल ह्यांचा जुना आक्षेप. २००४ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी भारताचाही दाखला घेतला. त्यांचा निष्कर्ष, म्हणजे सवलतीच नकोत हा, मातंग समाजाला मान्य नाही. त्याला सवलती हव्यातच. फक्त वाटा वेगळा हवा. शासनाने ह्या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर ह्यांची समिती नेमली आणि मातंग संघटनांनी तिचे स्वागत केले, तर अनेक बौद्ध संघटनांनी विरोध केला. ह्या तंट्यात बौद्ध पुढाऱ्यांनी ‘फूट पाडण्याचे कारस्थान’ एवढेच म्हणून भागणार नाही. तेरा टक्क्यांतून आपल्या मुलाच्या वाट्याला काय आले, असे मातंग वस्तीतली आई विचारते, तेव्हा तिला आकडे दाखवावे लागतील. आणि ते दाखविण्याची तयारी जो पक्ष आधी करील, त्याचा फलक पुढल्या चौदा एप्रिलला तिच्या गल्लीच्या तोंडाशी लागलेला असेल.